फुकट उपचार घेतले, मग तक्रार कोणत्या तोंडाने?

(पत्राचा गोषवारा. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या आहेत आणि शाळेत पोषण आहार शिजवतात. पती मार्केट यार्डात हमाल. सात महिन्यांपूर्वी ट्रकमधून पोती उतरवताना ते पडले आणि त्यांचा पाय गुडघ्याखाली मोडला. जिल्ह्याच्या गावी एका ट्रस्टच्या रुग्णालयाने रेशनकार्ड पाहून त्यांना निर्धन रुग्णांच्या खाटेवर मोफत दाखल करून घेतलं आणि प्लास्टर घातलं. त्या रात्रीपासून पाय असह्य दुखू लागला. बोटं आधी बधिर झाली, मग काळीनिळी पडली. ताई पुन्हा पुन्हा सांगायला गेल्या, पण ‘पहिले दोन दिवस दुखणारच’ एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी ‘आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही करून घरच्यांनी त्यांना सरकारी रुग्णालयात हलवलं. तिथे पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. आता घरात ताईंची एकटीची कमाई आहे आणि दोन मुलं शाळेत आहेत. ट्रस्टचं रुग्णालय माणुसकी म्हणून २५ हजार रुपये द्यायला तयार आहे, पण ‘यापुढे काही तक्रार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागतं. दीर म्हणतात, पैसे घ्या. एक ओळखीचा माणूस म्हणतो, केस करू, खर्च माझा, मिळेल त्यातले ३० टक्के माझे. ताई विचारतात, ‘आम्ही एक रुपया दिला नाही, वर सहीही करून दिली. आता तक्रार कोणत्या तोंडाने करायची? आणि उद्या पोर आजारी पडलं तर त्याच दवाखान्यात जायचंय.’

ताई, आधी तुमच्या ‘फुकट’ या शब्दाकडे बघू. सगळी गाठ तिथेच बसली आहे.

ज्या खाटेवर तुमचे पती होते ती रुग्णालयाने उपकार म्हणून दिलेली नव्हती. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्याच लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात ४१-अअ हे कलम आहे आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना आहे. ट्रस्ट म्हणून या संस्थांना सवलती मिळतात आणि त्यांच्या बदल्यात त्यांनी या खाटा द्यायच्या असतात. तुम्ही रांगेत उभ्या राहून तुमच्या हक्काची जागा घेतलीत, एवढंच झालं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. डॉक्टरांची आणि रुग्णालयांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता हा तो खटला. जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतात आणि काहींवर मोफत उपचार करतात, तिथला मोफत रुग्णसुद्धा ग्राहकच, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. न्यायालयाने त्यामागचं कारणही दिलं: तसं नसतं तर पैसेवाल्याला चांगली सेवा देणं बंधनकारक आणि गरिबाला कशीही दिली तरी चालेल, असा अर्थ झाला असता. तुमच्या पत्रात नेमकी हीच भीती आहे, आणि तिचं उत्तर तीस वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे. जनआरोग्य योजनेतून ज्यांचे उपचार झाले त्यांनीही हे लक्षात ठेवावं. तिथे तर रुग्णालयाला तुमच्या वतीने पैसेच मिळालेले असतात.

आता सहीचं बघू. दवाखान्यात ‘डामा’ म्हणतात तो हा कागद, म्हणजे सल्ल्याविरुद्ध रुग्ण हलवला याची नोंद. त्या सहीचा अर्थ एवढाच की तिसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना तिथून नेलंत. आधीचे दोन दिवस नीट पाहिलं होतं की नाही, याबद्दल ती सही काहीही सांगत नाही. दाखल करताना घेतलेल्या संमतीच्या सहीचंही तसंच. माणूस उपचाराला संमती देतो, हलगर्जीपणाला देत नाही.

इथवर मी तुमच्या बाजूने बोललो. आता एक प्रश्न तुम्हालाच. चूक झाली हे तुम्ही ठरवून टाकलं आहे. तसं झालेलं असूही शकेल, पण पाय गेला म्हणजे चूक झाली, असं कायदा मानत नाही. मोडलेल्या पायाला सूज येते, प्लास्टरमध्ये ती आत दाबली जाते आणि रक्तपुरवठा अडतो. हा धोका हाडांच्या डॉक्टरांना नवा नाही, म्हणून तर प्लास्टरच्या बाहेर राहिलेली बोटं पुन्हा पुन्हा तपासायला शिकवलेलं असतं. काही वेळा सगळं वेळेवर करूनही पाय वाचत नाही. म्हणून ‘पाय का गेला’ हा प्रश्न तुम्हाला फार पुढे नेणार नाही. दुखतंय असं सांगितल्यावर कोणी, किती वाजता येऊन पाहिलं, काय लिहिलं आणि काय केलं, हे विचारायला हवं. रात्री दोनला सांगितलं आणि सकाळी अकरापर्यंत कोणी फिरकलं नाही, असं कागदावर निघालं तर तुमची बाजू भक्कम आहे. दर तासाला बोटं पाहिल्याची नोंद असेल, प्लास्टर चिरून सैल केलेलं असेल, तर मन घट्ट करून तेही मान्य करावं लागेल. आज हे मलाही ठाऊक नाही आणि तुम्हालाही. म्हणून केस करायची की नाही, हे या आठवड्यात ठरवूच नका. या आठवड्यात फक्त कागद मागा.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची, असं त्यांत आहे. बहुतेक लोक डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे घेऊन घरी येतात आणि समजतात की हाच केसपेपर. तुम्हाला हवं आहे ते आतलं बाड. त्यात दाखल केल्याचा कागद, डॉक्टरांनी राउंडला लिहिलेल्या सूचना, संमतीपत्र आणि सगळ्यांत महत्त्वाच्या म्हणजे सिस्टरनी पाळीपाळीने लिहिलेल्या नोंदी असतात. तुमच्या दोन रात्रींचा हिशेब तिथेच आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा: ‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या रुग्णालयात दाखल होतो. माझ्या संपूर्ण केसपेपरची, नर्सिंगच्या नोंदींसह, साक्षांकित प्रत मिळावी.’ दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तक्रारीचा किंवा रागाचा एकही शब्द या अर्जात नको. केसपेपर मागताना भांडण झालं की फाइल सापडेनाशी होते, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे.

सरकारी रुग्णालयाचे कागद मला जास्त मोलाचे वाटतात. तुमचे पती तिथे पोचले तेव्हा किती वाजले होते, पाय कसा दिसत होता, प्लास्टर घट्ट होतं का, हे तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेलं असणार, आणि त्यांना ट्रस्टच्या रुग्णालयाची बाजू सांभाळायची नव्हती. अर्ज करून मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी माफ आहे, कार्डाची झेरॉक्स जोडा.

एक काम मात्र कोणाकडेही न जाता करण्यासारखं आहे. एक वही घ्या आणि ते तीन दिवस आठवेल तसे लिहून काढा. शेजारच्या खाटेवर कोण होतं, त्यांच्याबरोबर आलेलं कोण जागं होतं, तुम्ही दिराला फोन किती वाजता केलात. फोनमधल्या कॉलची यादी आणि बोटांचे फोटो असतील तर ते आजच दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. सात महिन्यांत आठवणी पुसट होतात आणि फोन बिघडतात.

वकील परवडणार नाही, हे तुम्ही गृहीत धरून चालला आहात. तो तुम्हाला फुकट मिळतो, आणि हाही उपकार नव्हे. घटनेच्या ३९-अ कलमात तसं म्हटलं आहे आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा त्यासाठीच आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे, महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. एवढी नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. कोर्टाच्या दारातल्या शिपायाला ‘मोफत वकिलाचं ऑफिस कुठे’ असं विचारा, तो दाखवील. त्याआधी १५१०० या क्रमांकावर फोन करा, म्हणजे कोणते कागद न्यायचे ते कळेल आणि एक खेप वाचेल.

खेपेचं मुद्दाम लिहितोय. मदत मोफत असली तरी एसटीचं तिकीट मोफत नसतं आणि बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. गरिबाची केस कितीतरी वेळा इथेच सुटते, कायद्यात हरून नव्हे. म्हणून पहिल्याच भेटीत वकिलांना सांगा की प्रत्येक तारखेला येणं मला जमणार नाही, जिथे मी आलंच पाहिजे तेवढंच आधी कळवा. कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्चही या मदतीत येतो. नेमलेल्या वकिलाने ‘थोडं बघा ना’ म्हणून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी सांगायचं. सचिव हे न्यायाधीश असतात. वकील फोनच उचलत नसेल तर बदलून मागायचा अर्जही तिथेच. नेमून दिलेले सगळेच वकील मन लावून काम करतात, असं मी म्हणणार नाही. काही जण खासगी अशिलापेक्षा जास्त झटतात, काहींना आठवण करून द्यावी लागते.

जायचं कुठे? माझं मत जिल्हा ग्राहक आयोगाच्या बाजूने आहे. व्यवहाराची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि वकिलाशिवायही करता येते. मुदत दोन वर्षांची. तुमचे सात महिने गेले, म्हणजे अजून वेळ आहे, पण दिवाळीनंतर बघू म्हणण्याइतका नाही. आयोग तज्ज्ञ डॉक्टरचं मत मागवू शकतो. प्रत्येक प्रकरणात ते लागतंच असंही नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसं सांगितलं आहे. तरी सरकारी रुग्णालयातले एखादे डॉक्टर दोन ओळी लिहून द्यायला तयार असतील तर विचारून बघा. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात वर्षं लागतात. हे आत्ताच सांगतो, नंतर मला दोष नको.

पोलिसांत जाण्याची घाई नको. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा व्हायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर कारवाई करण्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. शिवाय तुम्हाला भरपाई हवी आहे, कोणाला तुरुंगात पाठवायचं आहे असं तुमच्या पत्रात कुठेही दिसलं नाही. डॉक्टरच्या परवान्याबद्दलची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते, मात्र तिथे भरपाई मिळत नाही. निर्धन रुग्ण असताना बाहेरून औषधं आणायला लावली असतील तर त्या पावत्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखवा. आणि भाऊबंदांपैकी कोणी ‘चला, काचा फोडू’ म्हणत असेल तर त्याला घरी बसवा. रुग्णालयात तोडफोड हा २०१० पासून महाराष्ट्रात अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यात तुमची केस जाईल, आणि तो पोरगाही.

ज्या वाचकांचे उपचार फक्त सरकारी रुग्णालयात, सगळ्यांना मोफत असलेल्या सेवेत झाले, त्यांना ग्राहक आयोगाचा रस्ता नाही, पण दुसरे आहेत. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि राज्याला २५ हजारांची भरपाई द्यायला लावली. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही फी न भरता तक्रार करता येते, मात्र वर्षाच्या आत.

त्या ३० टक्केवाल्याला नमस्कार करून निरोप द्या. निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला आपल्याकडे वकिलालाही परवानगी नाही, मग हा तर वकीलही नाही. त्याने कोऱ्या कागदावर तुमची किंवा तुमच्या पतींची सही घेतलेली असेल तर ते मोफत वकिलांना पहिल्याच दिवशी सांगा, लाजू नका.

२५ हजारांचं उत्तर इतकं सोपं नाही. ज्या घरात महिन्याचं वाण्याचं बिल थकलं आहे, त्या घराला ‘तत्त्वासाठी लढा’ असं सांगायला मला तोंड नाही. दीर लोभापायी बोलतात असं मला वाटत नाही. ते तुमची चूल बघून बोलतात. तडजोड वाईट नसते, पण केसपेपर हातात येण्याआधी केलेली तडजोड म्हणजे पोतं न उघडता मालाचा भाव करण्यासारखं आहे, आणि यार्डातल्या माणसाला हे मी काय सांगावं! स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे कसलीही तक्रार नाही’ असं आलं की पुढचे रस्ते फार अरुंद होतात. रुग्णालयाला नम्रपणे सांगा की कागद मिळू देत, मग वकिलांना विचारून कळवते. तडजोड करायचीच झाली तर ती विधी सेवा प्राधिकरणामार्फत, लोकअदालतीत करा. तिथे झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, रक्कम बुडवता येत नाही. काही जिल्ह्यांत कायम लोकअदालत आहे. रुग्णालयाच्या सेवेबद्दलचे वाद, ते कोर्टात गेलेले नसतील तर, तिथे फी न भरता नेता येतात. तुमच्या जिल्ह्यात आहे का ते विचारा. आणि कृत्रिम पाय, तो दर काही वर्षांनी बदलण्याचा खर्च, हमाली गेली तिची भरपाई, असा हिशेब एका कागदावर मांडा. मग २५ हजार कमी की जास्त, हे दिरांना तुम्हीच दाखवू शकाल.

रात्रपाळीच्या सिस्टरने तुम्हाला चहा दिला होता, तिचं नाव घेणं जिवावर येतं, असं तुम्ही लिहिलं आहे. घेऊ नका. तक्रार संस्थेविरुद्ध करायची असते, आणि कोणाची चूक हे तुम्ही बोट दाखवून सांगायची गरज नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली एका बाईच्या पोटात शस्त्रक्रियेवेळी कापड राहिलं आणि ती गेली. तिच्या घरच्यांच्या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. ते कापड नेमकं कोणाच्या हातून राहिलं याला न्यायालयाने महत्त्व दिलं नाही. माणसं ज्याच्या नोकरीत तो जबाबदार, म्हणून सरकारने भरपाई द्यायची. खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निकाल सापडेल, वकिलांना सांगा. तेहेतीस वर्षं लागली, हेही त्याच गोष्टीत आहे. रुग्णालयाने उद्या मुलांना दारातून परत पाठवलं तर? तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यावेच लागतात, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे सांगितलं आहे. तरी तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून तर अर्जात कडू शब्द नकोत म्हटलं.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रात ‘ट्रकमधून पोती उतरवताना पडले’ एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात, मी तिथेच थांबलो. हा कामावरचा अपघात आहे. कामावर इजा झाली तर कामगाराला भरपाई, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे, आणि त्यासाठी डॉक्टरची किंवा मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. माथाडी मंडळात त्यांची नोंद आहे का? बिल्ला किंवा पासबुक घेऊन आधी मंडळाच्या कार्यालयात जा. नोंद नसली तरी माल कोणाचा होता, त्या दिवशी हजेरी कोणी मांडली, बरोबर कोण होतं, हे लिहून ठेवा आणि मोफत वकिलांना याचाही अर्ज करायला सांगा. यालाही मुदत असते. कदाचित हा पैसा रुग्णालयाच्या आधी हाती येईल. दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढलेलं नसेल तर तेही काढा. संजय गांधी निराधार योजनेसाठी ते लागेल, आणि मोफत वकिलासाठी मग त्यांच्या उत्पन्नाचा दाखलाही लागणार नाही.

एवढ्या मोठ्या पत्रात तुमच्या पतींना काय वाटतं, हे कुठेच नाही. ते यार्डात जात नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, एवढंच आहे. तुम्ही स्त्री म्हणून मोफत वकिलाला पात्र आहात, पण पाय त्यांचा गेला आहे, म्हणून तक्रारदार मुख्यतः तेच राहतील. ते ‘जाऊ दे’ म्हणत असतील तर का, हे विचारा. आपल्यामुळे घराला आणखी खर्च नको, असं वाटत असेल तर खर्चाचं मी वर सांगितलं आहे, ते त्यांना वाचून दाखवा. त्या दोन रात्री पुन्हा आठवायच्याच नसतील तर थोडं थांबा, केसपेपरचा अर्ज तेवढा जाऊ द्या. त्या अर्जावर सही त्यांचीच लागेल.